तंद्री बघणारा

दिन्या,

तुझ्या तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी आलेय की काय असं मला वाटलं. फॅक्टरीतले लोक म्हणाले, असा टाइमकीपर पुन्हा मिळायचा नाही. मावशी म्हणाली, बहिणीसाठी जन्म वाहिला हो पोरानं. हे वाक्य मी तसंच गिळलं, कारण पाहुण्यांसमोर भांडायचं नाही असं आईनं आपल्याला बजावलेलं. तू असतास तर संध्याकाळी मावशीची नक्कल केली असतीस, पदर डोळ्याला लावून, दुसऱ्या डोळ्यानं लाडू किती उरले ते बघत. मी हसले असते आणि तो विषय तिथंच मिटला असता. आता मावशी चिपळूणला परत गेली आणि वाक्य माझ्याकडे राहिलं.

जन्म वाहिला म्हणे. मी तुला काही वाहायला सांगितलं नव्हतं.

घर बरं आहे. मुलुंडला डासही तेवढेच आहेत. मिठागराच्या बाजूची खिडकी तू पुठ्ठा लावून बंद केली होतीस तो पुठ्ठा पडला, मी पुन्हा लावला नाही. शाळेच्या ऑफिसात मी आठव्या दिवशीच परत रुजू झाले, कारण दाखले लिहायचे पडले होते आणि घरात बसून करायचं काय. सकाळचा चहा अजून दोन कप होतो. आधण ठेवताना हात चुकतो. उरलेला मी पिऊन टाकते, त्यामुळे ऍसिडिटी झालीय. सकाळची गोळी मी घेते, तेवढी अक्कल मला आहे. पण चहाबरोबर तळहातावर गोळी ठेवून "तायडे, गीळ" म्हणणारं कुणी नसलं की दुपारी शाळेत बसल्यावर घेतली की नाही ते आठवत नाही. म्हणून मी आता कॅलेंडरवर फुल्या मारते. तुला हे आवडलं असतं. तुझं सगळं आयुष्य कुणी कधी आत आलं, कुणी कधी बाहेर गेलं, याच्या नोंदी करण्यात गेलं.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. माझा आजार मी कधी बघितलेलाच नाही. तो तू बघितलास. लहानपणापासून मला जे होत आलंय त्या वेळी मी नसतेच. पोटातून काहीतरी वर सरकतं, करपलेल्या दुधाचा वास येतो, आणि मग एकदम नंतरचं सुरू होतं. मधलं काहीच नाही, आणि बहुतेकदा तो वासही नंतर आठवत नाही. त्या मधल्या वेळेत तू असायचास. म्हणजे माझ्या आयुष्यातले ते सगळे तुकडे तुझ्याजवळ होते, आणि तू ते घेऊन गेलास. मला या गोष्टीचा राग आलाय. आधी दुःख व्हायला हवं होतं, पण आधी राग आला, काय करू.

आईचा त्यासाठी एक लाडका शब्द होता, तंद्री. "आमच्या मालूला तंद्री लागते." मुलगी भांडी घासता घासता थांबते, भिंतीकडे बघत बसते, तोंडात काही नसताना चघळते, पदराला नाहीतर फ्रॉकच्या काठाला चिमटे काढते, आणि कुणी हाक मारली की "हो हो" म्हणते. यात आजार कसला? "हो" म्हणते म्हणजे ऐकतेय ना? ओठ हलतात म्हणून आजी म्हणायची, पोरगी जप करते, हिला हाक मारू नका, पुण्यवान आहे. आपल्याकडे अशा मुलीला डॉक्टरकडे न्यायचं सोडून लोक तिच्या पाया पडतात. तळमजल्यावरच्या बाईनं एकदा मी तंद्रीत असताना मला खरंच विचारलं होतं, मुलगा मॅट्रिक पास होईल का. मी म्हणे "हो हो" म्हणाले. तो नापास झाला आणि त्या बाईनं आपल्याशी बोलणं टाकलं. हे मला तूच सांगितलंस, मला कुठलं आठवायला.

आणि दूध! दर वेळी मी आधी ओरडायचे, "आई, दूध करपलं." आई धावत जाऊन बघायची, दूध जिथल्या तिथं थंडगार. कितीतरी वर्षं घरात असं ठरलं होतं की मालूचं नाक तिखट आहे, फक्त थोडं आधी चालतं.

मोठे झटके आले तेव्हा मात्र शब्द बदलला. फिट. पण तोही दार लावून. पहिला झटका मला सोळाव्या वर्षी आला, शाळेच्या प्रार्थनेत. कुणी कांदा नाकाला लावला, कुणी चप्पल. घरी शुद्धीवर आले तर जीभ चावलेली आणि अंगाला चपलेचा वास. आपल्या स्टेशनाजवळच्या डॉक्टरांनी झोपेची म्हणावी अशी गोळी सुरू केली आणि मी पुढची बारा वर्षं पेंगत काढली. झटका वर्षातून एखादा. तंद्री आठवड्यातून दोन-तीनदा. पण तंद्री कुणी मोजलीच नाही, कारण तिचं नाव तंद्री होतं.

तू मोजलीस. हे मला फार उशिरा कळलं.

आपण मोठ्या हॉस्पिटलात गेलो तो दिवस आठव. फिट्सच्या तज्ज्ञ डॉक्टरांचा दिवस आठवड्यातून एकदाच. शाळेतल्या एका बाईंनी नाव सुचवलं होतं म्हणून गेलो. आदल्या दिवशी डोकं धुवायचं, तेल लावायचं नाही, हे ऐकूनच आईचा अर्धा विश्वास उडाला. माझ्या केसांत ती गार चिकट पेस्ट लावून तारा चिकटवल्या. जोरजोरात श्वास घ्यायला लावला. तू दाराच्या फटीतून बघत होतास आणि नंतर म्हणालास, "तायडे, तू टेलिफोन एक्स्चेंज दिसत होतीस." ग्राफ आला तो नॉर्मल. आई खूश झाली. मीही. आपण आत गेलो.

डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी आईला विचारलं, "झटके किती येतात?"

"वर्षातून एखादा. तोसुद्धा उपासाच्या दिवशी," आई म्हणाली.

"बाकी काही?"

"काही नाही. मुलगी अगदी शहाणी आहे."

डॉक्टर गोळीचा डोस लिहायला लागले. आणि तू, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, भिंतीला टेकून उभा होतास तो म्हणालास, "डॉक्टर, तंद्री पण सांगायची का?"

आईनं तुझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जागच्या जागी बसला असता.

"कसली तंद्री?" डॉक्टरांनी विचारलं. तू सांगायला लागलास. त्यांनी पेन खाली ठेवलं. थोडं ऐकलं आणि म्हणाले, "सांगू नका. करून दाखवा."

तू स्टुलावर बसलास. मला वाटलं तू लाजशील. तू लाजला नाहीस. आधी नाक थोडं वर केलंस. मग तुझा चेहरा रिकामा झाला. मी तुला रोज बघायचे, पण तो चेहरा तुझा नव्हता. डोळे उघडे आणि आत कुणी नाही. तोंड चघळायला लागलं, हळू, पान खाल्ल्यासारखं. उजवा हात शर्टाच्या टोकाला चिमटे काढत होता, निवडल्यासारखा, आणि डावा हात मनगटात वाकडा होऊन आखडत गेला. कुणीतरी शिकाऊ डॉक्टर मागून म्हणाला, "एक्स्क्यूज मी?" आणि तू अगदी माझ्या आवाजात, माझ्या शाळेच्या ऑफिसातल्या आवाजात म्हणालास, "हो हो."

त्या खोलीत कुणी हसलं नाही. पण मला ते ऐकू आलं, हसणं. मला आपल्या जुन्या चाळीचा जिना ऐकू आला. तू आठ वर्षांचा होतास आणि पोरं तुला म्हणायची, दिन्या, मालूची तंद्री करून दाखव ना, आणि तू करायचास, आणि सगळे लोळून हसायचे. आईनं तुला त्याबद्दल झोडपलं होतं. मला वाटलं, हा तेच करतोय. फक्त या वेळी बघणारे पांढरे कोट घालून उभे आहेत.

आणि दुसरं, जे मी तुला कधी सांगितलं नाही. मी पहिल्यांदा मला बघितलं. अठ्ठावीस वर्षांची मी, स्वतःला चांगली नीटनेटकी समजणारी, साडीच्या निऱ्या सरळ ठेवणारी. आणि लोकांसमोर मी अशी दिसते? बाजारात? मुख्याध्यापकांसमोर? ज्या दोन मुलांनी मला बघायला येऊन नंतर कळवतो म्हणून सांगितलं, त्यांच्यासमोर? मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. तुला थोबाडीत मारावीशी वाटली.

डॉक्टर मात्र तुझ्याकडे खूप आदरानं बघत होते. त्यांनी विचारलं, "किती वेळ चालतं हे?"

"दीड मिनिट. कधी दोन. त्यानंतर पाच-सात मिनिटं ती नीट उत्तर देत नाही. मी घड्याळ लावलंय."

"आठवड्यातून किती वेळा?"

तू खिशातून फॅक्टरीच्या हजेरीचं एक जुनं कार्ड काढलंस. मागच्या कोऱ्या बाजूला तारखा आणि वेळा. सात महिन्यांच्या. आत येण्याच्या वेळा आणि बाहेर येण्याच्या वेळा, तुझ्या त्या बारीक आकड्यांत.

डॉक्टर आईला म्हणाले, "ही तंद्री नाही. हीच फिट आहे. मेंदूत उजव्या कानाच्या वरच्या भागात सुरू होते. ती पसरली की तुम्हाला मोठा झटका दिसतो. वर्षातून एक नाही, बाई, तुमच्या मुलीला वर्षातून शंभरावर फिट्स येतात." मग ग्राफ बाजूला सारून म्हणाले, "हा नॉर्मल आहे म्हणजे एवढंच की ग्राफ काढताना फिट आली नाही. मला ग्राफपेक्षा यांनी जे दाखवलं ते जास्त कामाचं आहे."

आई म्हणाली, "पण ती हो म्हणते ना हो."

आई त्यानंतर बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून होती. तिच्या लाडक्या शब्दानं मुलीची बारा वर्षं खाल्ली हे तिला तिथं समजलं. नंतर तिनं तो शब्द कधी उच्चारला नाही. मी अकरा दिवस तुझ्याशी बोलले नाही. जेवण वाढायचे आणि ताट सरकवायचे. बाराव्या दिवशी तू म्हणालास, "तायडे, ती नक्कल नव्हती गं." मी म्हणाले, "मग काय होतं?" तू म्हणालास, "साक्ष होती." मी म्हणाले, "साक्ष देताना आवाज बदलायला लागत नाही. पुन्हा हे केलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." तू कान धरलेस. आणि खरंच, त्यानंतर मावशीपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांची नक्कल केलीस, माझी कधी केली नाहीस.

त्या भांडणात मी हरले होते हे मला तेव्हाच कळलं होतं. जागरण करून पुन्हा ग्राफ काढला तेव्हा उजव्या बाजूला टोकं दिसली, तू दाखवलंस त्यावरून डॉक्टरांनी सांगितलं होतं तिथंच. झोपेची गोळी हळूहळू बंद केली, नवी सुरू केली. पहिले दोन आठवडे मला एकाच्या दोन बसेस दिसायच्या आणि तू म्हणायचास, रिकामी असेल तिच्यात चढ. मग डोकं असं स्वच्छ झालं की मला भीतीच वाटली. मी पेंगत नव्हते! शाळेत सगळ्यांचं पगारपत्रक एका दिवसात लिहून मोकळी. आठवड्याला दोन-तीन फिट्स यायच्या त्या महिन्याला दोन झाल्या, मग तीन महिन्यांतून एखादी. बत्तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा तुझ्याशिवाय गोराईला शाळेच्या सहलीबरोबर गेले, होडीत बसून. त्याआधी पाण्याच्या जवळसुद्धा कुणी जाऊ देत नव्हतं.

हे सगळं तुझ्या त्या स्टुलावरच्या दीड मिनिटामुळं. तुला "थँक यू" म्हणायचं राहिलं असं मी म्हणणार नाही, कारण राहिलं नाही, मी ठरवून म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो चेहरा मी बघितला हे कबूल करावं लागलं असतं. आठ वर्षं मी तुझ्यावर तो राग धरून ठेवला, थोडा थोडा, कुठल्याही भांडणात काढायला बरा. तू ओट्यावर ओला टॉवेल टाकलास की मी म्हणायचे, तुला काय, तू तर लोकांसमोर माझा तमाशा करतोस. तू निमूट टॉवेल उचलायचास. आता वाटतं एकदा तरी उलट बोलायचं होतंस.

लग्नाचं भांडण तसंच राहिलं. मी म्हणायचे, कर. तू म्हणायचास, बघू. फॅक्टरीतली ती कॅन्टीनची हिशेबनीस, जिच्याबद्दल तू दर सोमवारी एखादं वाक्य बोलायचास, तिचं लग्न झालं त्या दिवशी तू घरी येऊन पंखा पुसलास. मी विचारलं, माझ्यामुळं का रे? तू म्हणालास, "तायडे, सगळं तुझ्यामुळं होत नसतं, स्वतःला काय समजतेस?" छान उत्तर होतं. मी आजपर्यंत ठरवू शकले नाही की खरं होतं की नाही. म्हणून तर मावशीचं वाक्य मला लागलं. आता विचारायला गेलं तरी तू फोटोतून हसतोस, आणि तो फोटोही कंपनीच्या कार्डावरचा, त्यात तू कुणाचीच नक्कल करत नाहीयेस. अनोळखी वाटतोस.

आई गेल्यावर आपण दोघंच उरलो. दर तीन महिन्यांनी अर्धी रजा टाकून तू माझ्याबरोबर यायचास. डॉक्टर मला विचारायचे, कशा आहात, आणि मग तुझ्याकडे वळायचे, किती? तू सांगायचास. मी मधे बसायचे. गेल्या वेळी तू म्हणालास, "शून्य. एकवीस महिने झाले." डॉक्टर पहिल्यांदा हसले. म्हणाले, "दोन वर्षं पूर्ण होऊ देत. मग एकेक गोळी कमी करून बघू." बाहेर येऊन तू मला उसाचा रस पाजलास. मी म्हटलं, पार्टी म्हणजे एवढीच? तू म्हणालास, दोन वर्षं झाली की जेवायला नेतो, टेबलक्लॉथ असलेल्या ठिकाणी. मग सात आठवड्यांनी तू ऑफिसात कार्डाच्या रॅकजवळ खाली बसलास आणि उठला नाहीस.

मागच्या आठवड्यात माझी हॉस्पिटलची तारीख होती. एकटीच गेले. डॉक्टरांनी विचारलं, कशा आहात. मी म्हटलं, बरी. मग ते सवयीनं डावीकडे वळले. तिथं खुर्ची होती.

मी सांगितलं. त्यांनी पेन ठेवलं. म्हणाले, "फार चांगला माणूस होता. मी विद्यार्थ्यांना सांगतो त्याच्याबद्दल." तू कुठं कुठं पोचलायस बघ. मग म्हणाले, "फिट्स?"

"नाही. आता दोन वर्षं होतील."

"कुणी सांगितलं?"

मीही त्या खुर्चीकडे बघितलं.

"मालतीबाई, तुम्हाला कळत नाही. तुमच्यासारख्यांना बहुतेकदा कळत नाही. घरी कोण आहे?"

"कुणी नाही."

"शेजारी?"

"आहेत."

"त्यांना माहीत आहे का कसं दिसतं ते?" मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर मी गोळ्या कमी करणार नाही. पंधरा दिवसांनी या. तोपर्यंत कुणाला तरी दाखवून ठेवा. आणि ते काय बघतात ते विचारून या."

दाखवून ठेवा म्हणे. खिचडी कशी करायची ते दाखवल्यासारखं. मी परत येताना इतकी चिडले होते की दोनदा चुकीच्या रांगेत उभी राहिले. इतकी वर्षं जे लपवलं, ज्याच्यासाठी तुझ्याशी भांडले, ते आता मीच दारोदार करून दाखवायचं. नाही दाखवलं तर जन्मभर या गोळ्या, किंवा त्याहून वाईट, एक दिवस पेटत्या स्टोव्हसमोर मी भिंतीकडे बघत बसेन आणि कुणाला समजणारसुद्धा नाही. हे सगळं मला नीट माहीत होतं. तरी चार दिवस मी काही केलं नाही.

पाचव्या दिवशी आरशासमोर बसून बघितलं. आणि मला कळलं की मला येतच नाही, दिन्या. माझी फिट मला येत नाही. मला येते ती तू केलेली. नाक वर, मग चेहरा रिकामा, मग चघळणं. डावा हात कसा वाकवायचा तेही मी तुझं मनगट आठवून वाकवलं. आठ वर्षं डोळ्यांसमोरून घालवू बघितलेलं ते दीड मिनिट मी मुद्दाम परत बोलावलं, आणि ते जसंच्या तसं आलं. त्यात तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटनसुद्धा होतं.

दाखवायचं कुणाला, तर एकच घर. समोरच्या राणे वहिनी. तीन वर्षांपूर्वी आल्या, मूळ कुडाळच्या. दार न वाजवता आत येतात, वाटीत काहीतरी घेऊन. त्यांना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत गच्चीवर वाळत घातलेलं असतं, म्हणून मी त्यांना कधी खुर्चीसुद्धा दिली नाही. तू त्यांना मान द्यायचास आणि त्या गेल्या की त्यांचं चालणं करून दाखवायचास. काल दुपारी शाळा सुटल्यावर मी त्यांना हाक मारली.

"वहिनी, बसा जरा. मला एक आजार आहे. फिट्सचा. लहानपणापासून." वाक्य एवढंच होतं. जन्मात पहिल्यांदा तोंडातून निघालं. "ती आली की मी खाली पडत नाही. कशी दिसते ते मी तुम्हाला करून दाखवते. हसू नका."

"हसतलंय कित्याक?" त्या म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या.

मी खाटेवर बसले आणि केलं. लाजले नाही. तू लाजला नव्हतास. शेवटी "हो हो" म्हणाले आणि मान वर केली.

वहिनींचा चेहरा उतरला होता.

"ह्यां मी बघलंय," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"दोनदा. तुमची मावशी गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. नि ह्या गुरवारी. मी आमटी घेऊन इलंय. तुमी हयसरच बसलेल्यात. डोळे भिंतीक लावलेले. पदर नुसतो चिवडीत होत्यात. मी विचारलंय, मालतीताय, जेवलात काय? तर तुमी हो हो म्हटल्यात." त्यांनी माझा हात धरला. "माका वाटला, भावाची आठवण येता. अशा वेळाक माणसाक हाक मारू नये. म्हणान वाटी ठेवलंय नि दार लोटून गेलंय."

त्या दोन वाट्या मला सापडल्या होत्या. मला वाटलं, मी झोपले असताना ठेवून गेल्या, आणि विचारल्याशिवाय आत येतात म्हणून मी चिडून त्या रिकाम्या वाट्या त्यांच्या दाराबाहेर ठेवल्या होत्या, धुऊन.

म्हणजे दोन वर्षं झाली नाहीत. थोडेच आठवडे कमी होते आणि झाली नाहीत. पुन्हा शून्यापासून. मला वाटत होतं मी पाच आठवडे एकटीनं नीट सांभाळलं, सगळ्या फुल्या मारल्या, आणि मधे दोनदा मी नव्हतेच. एक बाई माझ्या दुःखाचा मान राखून दारातून हळूच परत गेली, आणि ते दुःख नव्हतंच. खरं दुःख मी अजून केलंच नव्हतं, दिन्या. स्मशानात तुझे मित्र म्हणाले, ताई खंबीर आहेत. खंबीर कुठली. मी तुझ्यावर रागावले होते, दाखले लिहीत होते, दोन कप चहा पीत होते.

तिथंच, वहिनींसमोर, मला रडू आलं. साधंसुधं नाही. तोंड वेडंवाकडं झालं, श्वास लागला, पदराचा बोळा केला हातात, आणि तुझं नाव घेतलं असेन बहुतेक, मला माहीत नाही. किती वेळ ते कळत नव्हतं.

डोळे पुसून बघते तर वहिनी माझ्याकडे अजिबात बघत नव्हत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे मान ताठ करून बघत होत्या, ओठ हलवत, आकडे मोजत.

"वहिनी," मी म्हटलं, "ही फिट नाही. हे रडू आहे."

त्यांनी मान वळवली नाही.

"असूंदे," त्या म्हणाल्या. "अडीच मिनटां झाली. तुमी रडा. मी बघतंय."